धूर, आग आणि रक्तातले आकडे

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-सिक्स ही नावे मराठी घरांच्या रोजच्या बोलण्यात आली. प्रयोगशाळेचा अहवाल मोबाइलवर येई. नावापुढे आकडा असे आणि त्याच्या शेजारी 'नॉर्मल' मर्यादा. आकडा मर्यादेबाहेर गेला की सगळे घर हादरे. पुष्कळ ठिकाणी त्या आकड्यावरच पुढचे ठरे: स्टेरॉइड सुरू करायचे का, टॉसिलिझुमॅबचे इंजेक्शन शोधत गावोगाव फोन करायचे का, रक्त पातळ करणारे औषध वाढवायचे का.

हे आकडे खोटे नव्हते. ज्यांचे आकडे फार वाढले त्यांच्यात मृत्यू अधिक झाले, हे जगभर दिसले. तरीही 'हा आकडा धोक्याचा आहे' आणि 'हा आकडा खाली आणला की रुग्ण वाचेल' ही दोन अगदी वेगळी विधाने आहेत. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचा दृष्टान्त आहे. धूर दिसला की आग आहे, एवढे कळते. काय जळते आहे ते धूर सांगत नाही, आणि धूर पांगवल्याने आग विझत नाही. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या रक्तात वैद्यकाने जे जे पाहिले त्याचा सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या साध्या भेदाची पुन्हा पुन्हा झालेली विस्मृती आणि पुन्हा पुन्हा मोठी किंमत मोजून आलेले भान, असे म्हणता येईल.

वाडग्यातला पिवळट थर

युरोपात न्यूमोनियावरचा शतकानुशतकांचा उपाय म्हणजे शीर कापून रक्त काढणे. ते वाडग्यात धरून ठेवले की काही वेळाने गोठे. निरोगी माणसाचे रक्त वरपासून खालपर्यंत साधारण सारखे लाल दिसे. न्यूमोनियाच्या रुग्णाच्या रक्तावर मात्र पिवळट-पांढरा चिवट थर धरे. वैद्य त्याला दाहाचा थर म्हणत. निरीक्षण अचूक होते. अनुमान चुकीचे होते: थर दिसतो आहे, म्हणजे दूषित द्रव्य अजून शरीरात आहे, म्हणजे आणखी रक्त काढले पाहिजे. आधीच धाप लागलेल्या रुग्णाचे रक्त त्या थरापायी पुन्हा काढले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये या उपायाचे इतके प्रस्थ होते की १८३३ या एका वर्षात त्या देशाने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या.

याच काळात पॅरिसमध्ये पिएर लुई या वैद्याने एक साधी गोष्ट केली. त्याने रुग्ण मोजले. रक्त काढलेल्या ७७ न्यूमोनियाच्या रुग्णांचे त्याने दोन गट पाडले. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्या ४१ पैकी १८ दगावले. त्यानंतर काढलेल्या ३६ पैकी ९. मुळीच रक्त न काढलेले रुग्ण तुलनेला नव्हते आणि संख्याही लहान होती, त्यामुळे आजच्या कसोटीवर हा पुरावा कच्चा ठरेल. पण उपायाची परीक्षा रक्ताच्या रंगावरून करायची नाही, जगलेल्या-मेलेल्या रुग्णांच्या संख्येवरून करायची, हा विचार त्यातून रुजला.

१८४० च्या सुमारास गाब्रिएल आंद्राल आणि त्याचा सहकारी गाव्हारे यांनी रक्तातल्या घटकांचे वजन करून दाखवले की न्यूमोनियात रक्तातले फायब्रिन कितीतरी वाढते. तो पिवळट थर म्हणजे मुख्यत्वे याच वाढीचा परिणाम. फायब्रिन ज्यापासून बनते ते प्रथिन, फायब्रिनोजेन, वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर तळाशी जातात. रक्त गोठेपर्यंत वरचा भाग पेशींविना उरतो, तोच थर.

१८९७ मध्ये पोलिश वैद्य एडमुंड बिएरनात्स्की याने तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग मोजता येतो आणि तो आजारात बदलतो, हे मांडले. स्वीडनच्या रॉबिन फोरेयस याला १९१८ मध्ये गर्भवती स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास करताना हेच स्वतंत्रपणे सापडले. त्याच्या देशबांधवाने, आल्फ वेस्टरग्रेनने, क्षयरोग्यांवर काम करून १९२१ मध्ये मोजण्याची पद्धत बसवली. हाच आपल्याकडे घरोघर माहीत असलेला 'ईएसआर'. जुन्या वैद्यांचा थर आणि ही नवी तपासणी मुळात एकच, हे फोरेयसने ओळखले होते. फरक एवढाच की थर डोळ्यांना दिसे आणि ईएसआर मिलिमीटरमध्ये लिहिता येई. आजार कोणता, हे मात्र दोन्हींतून कळत नव्हते. क्षय, संधिवात, कर्करोग, गरोदरपण, सगळ्यांतच तो वाढतो.

१९१८ : वाढायला हव्या त्या पेशी घटल्या

विषाणूमुळे होणारा न्यूमोनिया वेगळा असतो, याची रक्तातली खूण जगाने मोठ्या प्रमाणावर पाहिली ती १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत. ही साथ जूनमध्ये मुंबईत उतरली आणि रेल्वेमार्गांनी देशभर गेली. पावसाळा सरतानाची दुसरी लाट सर्वांत संहारक ठरली. हिंदुस्थानातल्या मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात.

त्या वेळच्या डॉक्टरांना नेहमीचा न्यूमोनिया चांगला ठाऊक होता. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, कधी दुप्पट-तिप्पट होतात. इन्फ्लुएन्झाने काळेनिळे पडलेल्या रुग्णांत मात्र त्या वाढण्याऐवजी अनेकदा घटलेल्या आढळत. तेव्हा प्रचलित समज असा की हा आजार फायफर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूमुळे होतो. घटलेल्या पेशी त्या समजाशी जुळत नव्हत्या. पण विसंगती नोंदवण्यापलीकडे काही करता येण्याजोगे साधन हाताशी नव्हते. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये लंडनला, स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांच्या हातून.

इतिहासाने यात आणखी एक गुंता ठेवला आहे. १९१८ मध्ये मृत झालेल्यांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा बहुसंख्य मृत्यूंत विषाणूपाठोपाठ जिवाणूंनीही फुप्फुसात ठाण मांडल्याचे दिसले. म्हणजे एकाच रुग्णात दोन आगी आणि एकच धूर. हा गुंता अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरला आजही सोडवावा लागतो.

न्यूयॉर्कमधला 'सी'

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन तरुण डॉक्टर न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. प्रयोगशाळा ऑस्वाल्ड एव्हरी यांची. न्यूमोनियाच्या जिवाणूपासून काढलेल्या एका द्रव्याला त्यांनी 'सी' असे नाव दिले होते. तीव्र आजारी रुग्णाच्या रक्तद्रवात ते मिसळले की साका जमे. रुग्णाचा ताप उतरून तो सुधारू लागला की त्याच्या रक्तद्रवात असे काही होत नसे.

हे प्रतिपिंडांच्या वागण्याच्या नेमके उलट होते. प्रतिपिंडे आजारात हळूहळू तयार होतात आणि बरे झाल्यावर टिकतात. हे द्रव्य मात्र आजाराबरोबर येई आणि आजाराबरोबर जाई. पुढे दिसले की न्यूमोनियाचा जिवाणू नसलेल्या, इतर जिवाणूंच्या संसर्गातही ते येते. संधिवाती तापातही येते. १९४१ मध्ये एव्हरी यांच्या सहकाऱ्यांनी ते एक प्रथिन असल्याचे दाखवले. 'सी' द्रव्याशी प्रतिक्रिया करणारे प्रथिन, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सीआरपी.

शोधकर्त्यांचे पुढचे आयुष्य आपल्या विषयाशी विलक्षण जुळते. फ्रान्सिस यांनी १९३४ मध्ये पोर्तो रिकोतल्या साथीतून इन्फ्लुएन्झाचा विषाणू मिळवला आणि १९४० मध्ये या विषाणूचा 'बी' प्रकार शोधला. टिलेट यांनी १९३३ मध्ये एका जिवाणूपासून मिळणारे, रक्ताची गुठळी विरघळवणारे द्रव्य दाखवले; तेच पुढे स्ट्रेप्टोकायनेज या औषधाच्या रूपाने हृदयविकारात वापरले गेले. दाह, विषाणू आणि गुठळी हे कोविडमधले तिन्ही धागे या दोघांच्या कामात आधीच येऊन गेले होते.

सीआरपी बनते यकृतात. ते रक्तातून ओसरण्याचा वेग जवळजवळ ठरलेला असतो. सुमारे १९ तासांत निम्मे. म्हणून रक्तातला आकडा केवळ यकृत ते किती बनवते आहे यावर अवलंबून राहतो, आणि त्यामुळेच तो आजाराच्या चढउताराच्या मागोमाग चालतो. यकृताला ते बनवण्याचा हुकूम कोण देते, याचे मुख्य उत्तर १९८६ मध्ये ओसाका विद्यापीठातून आले. तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने एका निरोप्या रेणूचे जनुक उलगडले. त्याला पुढे इंटरल्यूकिन-६ म्हणजे आयएल-सिक्स असे नाव मिळाले. हा निरोप अडवणारे औषध, टॉसिलिझुमॅब, जपानमध्येच संधिवातासारख्या आजारांसाठी आकाराला आले. प्रथमच असे झाले की रक्तातल्या सूचकाचा उगम कळला आणि त्यावर हात ठेवण्याचे साधनही मिळाले.

१९९३ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी प्रोकॅल्सिटोनिन या द्रव्याबद्दल लिहिले: जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते खूप वाढते, विषाणूंच्या संसर्गात फारसे नाही. धुराच्या रंगावरून इंधन ओळखण्याचा हा पहिला आशादायक प्रयत्न म्हणावा लागेल. प्रतिजैविक द्यायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळे थोडा सोपा झाला. पण अत्यवस्थ रुग्णात अवयव निकामी होऊ लागले की जिवाणू नसतानाही हे द्रव्य वाढू शकते. सर्वांत गरज असते तिथेच साक्ष डळमळते.

हाँगकाँग, मेक्सिको, वुहान

२००३ मध्ये सार्सची साथ आली. हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयातल्या १३८ रुग्णांच्या अहवालात सुमारे ७० टक्के रुग्णांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटल्याचे आढळले. पेशी फुटल्या की रक्तात उतरणारे एलडीएच हे द्रव्यही जवळपास तेवढ्याच रुग्णांत वाढलेले होते. वय अधिक आणि एलडीएच फार वाढलेले, अशा रुग्णांची गत वाईट झाली. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा मेक्सिको सिटीतल्या श्वसनरोग संस्थेने न्यूमोनिया झालेल्या पहिल्या १८ रुग्णांची माहिती दिली. त्यांतले ७ दगावले. एलडीएच सगळ्या १८ जणांत वाढलेले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतातला या आजाराचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि 'मास्क' हा शब्द पुणेकरांच्या तोंडी कोविडच्या अकरा वर्षे आधी बसला.

त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये वुहानमधल्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल आला तेव्हा त्यातली चिन्हे अनोळखी नव्हती. ६३ टक्के रुग्णांत लिम्फोसाइट घटलेल्या होत्या. मार्चमध्ये वुहानच्याच १९१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतले ५४ मृत्युमुखी पडले होते. दाखल होताना डी-डायमर एका मायक्रोग्रॅमहून अधिक असलेल्यांना मृत्यूचा धोका सुमारे १८ पट, असा आकडा त्यात निघाला. रक्ताची गुठळी फायब्रिनच्या जाळीने बनते आणि शरीर ती विरघळवते तेव्हा उरणारा तुकडा म्हणजे डी-डायमर. आंद्रालने वजन केलेले फायब्रिन १८० वर्षांनी नव्या वेषात परत आले होते.

हा '१८ पट' जगभर पसरला. त्याच्या शेजारी छापलेली शक्यतेची व्याप्ती मात्र फारशी कुणी वाचली नाही. ती होती २.६ पासून १२८ पर्यंत. इतका रुंद पल्ला याचा अर्थ, धोका वाढतो हे नक्की, पण किती ते १९१ रुग्णांवरून सांगता येत नाही. त्या वर्षी कोविडचे निदान किंवा भाकीत करणाऱ्या गणिती सूत्रांचे पीकच आले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका आढाव्यात अशी २३२ सूत्रे तपासली गेली. जवळजवळ सगळ्यांच्या रचनेत पक्षपाताचा मोठा धोका आढळला.

उलट ब्रिटनमध्ये ३५ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर बांधलेली एक पद्धत टिकली. तिच्यात आठ गोष्टी पाहतात: वय, लिंग, इतर आजार, श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी, शुद्ध, रक्तातले युरिया आणि सीआरपी. एकूण २१ गुणांपैकी एकट्या वयाला ७ पर्यंत गुण आहेत. सीआरपीला जास्तीत जास्त २. फेरिटिन आणि डी-डायमर त्यात नाहीतच. डॉक्टरने खाटेशेजारी उभे राहून श्वास मोजणे, हाक मारून रुग्ण ओ देतो का पाहणे, यांचे वजन महागड्या तपासण्यांपेक्षा कमी भरले नाही.

आकड्यावर उपचार, की रुग्णावर?

खरी परीक्षा उपचारांत झाली. डी-डायमर वाढलेले रुग्ण मरतात, म्हणून रक्त पातळ करणारे हेपारिन पूर्ण मात्रेत द्यावे, हा तर्क सरळ होता. अनेक देशांच्या एकत्रित चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अत्यवस्थ अशा सुमारे अकराशे रुग्णांत पूर्ण मात्रा मिळालेल्यांपैकी ६२.७ टक्के जगून घरी गेले. नेहमीची प्रतिबंधक मात्रा मिळालेल्यांपैकी ६४.५ टक्के. लाभ नाही, गंभीर रक्तस्राव मात्र २.३ वरून ३.८ टक्क्यांवर. तितक्या आजारी नसलेल्या, दवाखान्यात दाखल रुग्णांत मात्र पूर्ण मात्रेचा फायदा दिसला, आणि तो डी-डायमर कमी असो वा जास्त, दोन्हींकडे. आकडा सर्वांत भीतिदायक होता तिथे औषध उशिरा पोचत होते.

आयएल-सिक्सची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. 'सायटोकाइनचे वादळ' हा शब्द २०२० मध्ये फार गाजला. पण विविध अभ्यास एकत्र करून पाहिले तर गंभीर कोविडमध्ये आयएल-सिक्सची सरासरी पातळी ३७ च्या आसपास होती. कर्करोगावरच्या पेशी-उपचारांनंतर जे खरे वादळ उठते त्यात ती तीन हजारांवर जाते. टॉसिलिझुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. भारतातल्या १२ रुग्णालयांत १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही स्पष्ट लाभ दिसला नाही. अखेर २०२१ मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने चार हजारांहून अधिक रुग्णांचा निष्कर्ष जाहीर केला: २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर. रुग्ण निवडताना दोन अटी होत्या. ऑक्सिजन कमी पडत असला पाहिजे आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून अधिक असले पाहिजे. एकटा आकडा पुरेसा मानला गेला नव्हता.

सर्वांत मोठे यश आले ते जुन्या, स्वस्त औषधाला. त्याच चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणले, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात मात्र मृत्यू १४ ऐवजी १७.८ टक्के होते. तो फरक योगायोगाचाही असू शकेल, पण लाभाचा मागमूस नव्हता. औषध कोणाला द्यायचे हे इथे ठरले ते श्वासावरून.

हा निष्कर्ष जून २०२० मध्येच उपलब्ध होता. तरी पुढच्या वर्षीच्या लाटेत आपल्याकडे घरीच असलेल्या, ऑक्सिजन ९६-९७ असलेल्या कितीतरी रुग्णांना वाढलेल्या सीआरपीपायी पहिल्या दोन-तीन दिवसांतच स्टेरॉइड सुरू झाले. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या वारंवार करू नका, असे जाहीरपणे सांगितले. ताप आला की दाहाचे सूचक वाढणारच; त्यांच्याकडे पाहून घाबरून उपचार वाढवले तर अपाय होतो, हा त्यामागचा मुद्दा. त्याच महिन्यात केंद्राने म्युकरमायकोसिस हा नोंद करण्याजोगा आजार जाहीर करायला राज्यांना सांगितले. मधुमेह आणि गरज नसताना किंवा गरजेपेक्षा जास्त दिलेले स्टेरॉइड, ही त्या काळ्या बुरशीची दोन मोठी कारणे. महाराष्ट्राने तिची फार मोठी झळ सोसली. डोळा गमावलेल्या माणसाला वाडग्यातला पिवळट थर ठाऊक नसेल. पण थर दिसला म्हणून पुन्हा शीर कापणाऱ्या वैद्याचा तर्क आणि हा तर्क एकाच घराण्यातला होता.

प्रतिजैविकांचेही तेच. साथीच्या पहिल्या महिन्यांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की जिवाणूंचा जोडसंसर्ग सुमारे ८ टक्के रुग्णांत होता आणि प्रतिजैविके ७२ टक्के रुग्णांना दिली गेली. वाढलेला सीआरपी पाहून हात राखून ठेवणे कठीण असते. पण त्याची किंमत पुढच्या रुग्णांना, औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या रूपाने मोजावी लागते.

यावरून रक्ततपासण्या निरर्थक आहेत असा अर्थ कुणी काढू नये. दोन दिवसांत लिम्फोसाइट घटत चालल्या आणि सीआरपी चढत चालले, तर तो रुग्ण जिथे ऑक्सिजन आणि अतिदक्षतेची सोय आहे तिथे वेळेत हलवावा, हे सांगणारी साक्ष अमोल आहे. तालुक्याच्या दवाखान्यात तर ती जीव वाचवू शकते. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची, आणि चालीपेक्षा रुग्णाचा श्वास. हे सूचक कुठे लक्ष द्यायचे ते दाखवतात. काय करायचे, हे मात्र ज्या उपायाची रुग्ण मोजून परीक्षा झाली आहे तोच सांगू शकतो. लुईच्या ७७ रुग्णांपासून 'रिकव्हरी'च्या हजारो रुग्णांपर्यंतचा रस्ता हाच आहे.

पुढच्या साथीत नवी नावे येतील. अहवालात आज नसलेला एखादा रकाना वाढेल आणि त्याच्यापुढचा ठळक आकडा आपल्याला पुन्हा घाबरवेल. तेव्हा डॉक्टरांना विचारण्याजोगे प्रश्न तीन आहेत. हा आकडा धोका सांगतो, की कारण? त्यावरून जो उपचार सुरू करायचा आहे तो अशाच रुग्णांवर तपासून पाहिलेला आहे का? आणि आकडा बाजूला ठेवला, तर समोरचा माणूस कसा आहे?